रेशीम खरं, राजा खोटा: परदेशात घडणारे जुने हॉलिवूड संगीतपट पारखायचे कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर कळेल. तुमच्या फिल्म सोसायटीत तीन रविवार तीन संगीतपट लागणार आहेत: 'द किंग अँड आय' (१९५६), 'किस्मेट' (१९५५) आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' (१९६५). पहिला सयाममध्ये (आजच्या थायलंडमध्ये) घडतो, दुसरा बगदादमध्ये, तिसरा ऑस्ट्रियात. मागच्या खेपेला असाच एक चित्रपट दाखवला तेव्हा एक जण म्हणाला "सगळं थोतांड आहे", दुसरा म्हणाला "करमणूक आहे हो, किती कीस पाडाल", आणि चर्चा पाच मिनिटांत आटोपली. तेव्हा सांस्कृतिक अस्सलपणा तपासायचा म्हणजे नेमकं काय बघायचं आणि लोकांसमोर ठेवायचं कसं, हे तुम्हाला हवं आहे.

माझ्या मते गोची प्रश्नातच आहे. "चित्रपट अस्सल आहे का?" असं विचारलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं आणि बोलणं संपतं. स्टुडिओचा संगीतपट एका माणसाच्या हातचा नसायचा. कपडे एक खातं बघायचं, नेपथ्य दुसरं, नाच तिसरं, वाद्यवृंदाची मांडणी चौथं; शिवाय जुनी पुस्तकं, छायाचित्रं, नकाशे धुंडाळून देणारं संशोधनाचं खातं वेगळं. म्हणून रसग्रहणाच्या वर्गात मी प्रश्न असा फिरवून विचारतो: ही गोष्ट बरोबर करणं कुणाच्या पगारात बसत होतं? ज्या गोष्टीला खातं होतं ती बहुतेक वेळा बऱ्यापैकी जमलेली असते. ज्या गोष्टीला खातंच नव्हतं तिथे घोळ. त्या परक्या देशातला माणूस विचार कसा करतो, त्याला आधीपासून काय ठाऊक आहे, आपल्या माणसांशी तो कसा बोलतो, हे बघणारं खातं कुठल्याच स्टुडिओत नव्हतं.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. खऱ्या माणसाची, खऱ्या सालातली गोष्ट सांगताय असा दावा असेल तर कसोटी कडक लावावी. परीकथा असेल तर तीच कसोटी लावणं म्हणजे उगाच पोलिसी खाक्या. 'ब्रिगॅडून' (१९५४) घ्या. शंभर वर्षांतून एकदा धुक्यातून वर येणारं स्कॉटिश गाव आणि ते सगळं कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यांपुढे उभं केलेलं. तिथे हवामान अस्सल आहे का, हा प्रश्न फिजूल आहे. पण एक गंमत बघा. हे गाव दोनशे वर्षांपूर्वी, म्हणजे १७५० च्या सुमाराला झोपी गेलं असं कथेत आहे, आणि गावातले बाप्ये झोकात किल्ट (चौकड्यांचा घागऱ्यासारखा पोशाख) घालून नाचतात. प्रत्यक्षात १७४५ च्या स्कॉटिश बंडानंतर ब्रिटिश सरकारने १७४७ ते १७८२ या काळात डोंगराळ भागातल्या पुरुषांना हाच पोशाख घालायला कायद्याने बंदी केली होती. शिवाय घराण्याघराण्याचा ठरलेला चौकडा ही पद्धत पक्की झाली ती त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे संगीतपटाने पर्यटकाच्या मनातलं स्कॉटलंड दाखवलं. परीकथेत ते चालतं. तसंच मोठ्या राष्ट्रगाथेत केलं असतं तर टोकायला हवं होतं.

आणखी एक गैरसमज आधीच बाजूला काढा. "राजा मध्येच गातो कसा?" ही अस्सलपणाची तक्रार होऊ शकत नाही. संगीत शाकुंतलात कण्वाच्या आश्रमात साक्या आणि दिंड्या चालतात आणि आपण खुशाल डोलतो. गाणं हा रंगभूमीचा संकेत आहे. तक्रार करायचीच तर कोण गातं, किती गातं आणि कुणाचं गाणं कापलं जातं यावर करा. त्याकडे येतोच.

'किंग अँड आय'वर जास्त वेळ घालवा, कारण तिन्हींत सर्वांत जास्त माल त्यात आहे. पहिलं काम: मूळ घटनेपासून पडद्यापर्यंतची साखळी सालांसकट फळ्यावर लिहा. ॲना लिओनोवेन्स बँकॉकला राजा मोंगकुटच्या दरबारी होती १८६२ ते १८६७. तिची दोन पुस्तकं आली १८७० आणि १८७३ मध्ये. त्यांवरून मार्गारेट लँडन यांची कादंबरी १९४४ मध्ये. कादंबरीवरून बिनगाण्यांचा चित्रपट १९४६ मध्ये, संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन यांचं संगीत नाटक १९५१ मध्ये, आणि त्यावरून हा चित्रपट १९५६ मध्ये. एका गोष्टीवर पाच हात फिरले. चूक सापडली की ती कुठल्या हाताची हे आधी ठरवायचं. सगळंच हॉलिवूडच्या माथी मारलं तर अन्याय होतो, कारण यातला सर्वांत मोठा बनाव हॉलिवूडने केलेलाच नाही. तो खुद्द ॲनाबाईंचा आहे.

चित्रपटात ॲना ही वेल्सकडची, सभ्य घरातली इंग्रज विधवा आहे. तिने स्वतः तसंच सांगितलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा दिसलं की तिचा जन्म १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला झाला. बाप कंपनीच्या फौजेतला सार्जंट, तो तिच्या जन्माआधीच वारलेला. आई अँग्लो-इंडियन. लग्न १८४९ च्या नाताळात पुण्यात. नवरा पुस्तकात मेजर असला तरी प्रत्यक्षात कारकुनी पेशाचा, आणि तो वारला १८५९ मध्ये पिनांगला. म्हणजे घेरदार झगा सावरत सयामला "पश्चिम" शिकवायला उतरलेली ही बाई दख्खनच्या लष्करी छावणीत वाढलेली. तिने वेल्स का सांगितलं हे समजायला अवघड नाही. अँग्लो-इंडियन सार्जंटच्या मुलीला त्या काळी राजघराण्याची शिक्षिका म्हणून कुणी उभं केलं नसतं. तिच्या बहिणीचा नातू म्हणजे भयपटांतला बोरिस कार्लोफ. त्यानेही जन्मनाव टाकून दुसरं घेतलं होतं. (घराण्याचा गुण म्हणायचा.)

दुसरं काम: तारखा जुळवणं. यात राजा कसा खोटा रंगवलाय ते उघडं पडतं. चित्रपटातला मोंगकुट तापट, भाबडा, पाश्चात्त्य जगाने गांगरलेला. त्याला सुधारणेची दिशा ॲना दाखवते. प्रत्यक्षात गादीवर बसण्याआधी हा माणूस सत्तावीस वर्षं बौद्ध भिक्षू होता. लॅटिन आणि इंग्रजी तो मिशनऱ्यांकडून शिकला होता. ब्रिटिश प्रतिनिधी आपल्याला रानटी समजतील म्हणून चित्रपटात मेजवानीची केवढी धांदल उडते. पण ब्रिटनशी व्यापाराचा करार त्याने १८५५ मध्ये, ॲना यायच्या सात वर्षं आधी करून टाकला होता. ॲना पहिली शिक्षिकाही नव्हती. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांच्या बायका राजवाड्यातल्या स्त्रियांना शिकवत होत्या. त्यात धर्मप्रसार शिरला आणि ते बंद झालं. म्हणूनच ॲनाला बोलावताना राजाने लेखी बजावलं होतं की इंग्रजी भाषा, शास्त्र आणि साहित्य शिकवा, धर्मांतराचं मात्र नको. हे पत्र लिहिणारा माणूस गांगरलेला वाटतो का, असं सरळ विचारा.

हत्तींचा प्रसंग लोकांना आवडतो, त्यामुळे तोच घ्या. पडद्यावर राजा लिंकनला युद्धात मदत म्हणून हत्ती पाठवायचं ठरवतो आणि ॲनाला पत्र सांगतो. खरं पत्र १८६१ च्या फेब्रुवारीतलं, म्हणजे अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटण्याआधीचं. लिहिलं होतं आधीच्या अध्यक्षाला, बुकॅनन यांना. आणि त्यात सूचना अशी होती की हत्ती अमेरिकेच्या रानात सोडा, त्यांची पैदास होऊ द्या, ओझी वाहायला उपयोगी पडतील. उत्तर द्यायची वेळ लिंकनवर आली आणि आमच्याकडे वाफेची यंत्रं आहेत असं कळवून त्यांनी नम्रपणे नकार दिला. तेही ॲना बँकॉकला पोचायच्या आधीच. म्हणजे प्रसंग खऱ्या कागदावरून उचललेला आहे. फक्त राजाला बावळट ठरवायला आणि ॲनाला खोलीत आणायला त्याची तारीख आणि हेतू बदलला.

शेवटही तसाच. चित्रपटात राजा जणू मानी मन मोडल्यामुळे झिजतो, ॲना उशाशी असते आणि कोवळ्या वयाचा युवराज चुलालोंगकोर्न तिथल्या तिथे जाहीर करतो की यापुढे जमिनीवर लोटांगण घालायचं नाही. ॲना १८६७ मध्येच देश सोडून गेली होती. राजा वारला १८६८ च्या ऑक्टोबरात, मलेरियाने. १८ ऑगस्टचं खग्रास सूर्यग्रहण त्याने स्वतः गणित करून वर्तवलं होतं, ते बघायला वा को नावाच्या दलदलीच्या जागी गेला आणि तिथे ताप घेऊन आला. (हेच ग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सन यांनी आपल्याकडे गुंटूरला बघितलं.) लोटांगणाची प्रथा चुलालोंगकोर्नने बंद केली ती १८७३ मध्ये, कारभार स्वतःच्या हाती आल्यावर. तुम्हीच सांगा, स्वतःच्या गणिताची पडताळणी करायला गेलेला राजा जास्त नाट्यमय आहे की नाही? पण तो दाखवला असता तर ॲनाची गरज संपली असती. चूक अडाणीपणाने झालेली नाही. कथेच्या बांधणीने ती मागून घेतली आहे.

थायलंडने या चित्रपटावर बंदी घातली. ती बंदी कपड्यांमुळे नव्हती. कपड्यांत खोट काढणं खरंच कठीण आहे. वेशभूषाकार आयरीन शराफ यांनी १९५१ च्या प्रयोगासाठी बँकॉकचे रेशीम व्यापारी जिम थॉम्प्सन यांच्याकडचं हातमागाचं थाई रेशीम वापरलं होतं, आणि चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. रेशमाला खातं होतं. मोंगकुटच्या मेंदूला नव्हतं.

यातून एक सूक्ष्म गोष्ट निघते, तिच्यावर बोट ठेवा. कधी कधी रिवाज अगदी खरा असतो आणि त्याचा वापर खोटा असतो. राजाच्या डोक्यापेक्षा कुणाचं डोकं उंच असू नये हा सयामी दरबारी संकेत खराच. तिथे डोकं पवित्र, पाय हीन. आजही थायलंडमध्ये कुणाच्या डोक्याला हात लावत नाहीत. चित्रपटात याचं काय होतं? राजा बसला की ॲना बसते, तो आडवा झाला की ती आडवी, प्रेक्षक हसतात. माहितीच्या परीक्षेत शंभर गुण, आणि तरीही रिवाजाचा अर्थ वजा होऊन कवायत तेवढी उरली.

भाषेचंही तसंच. राजाचं इंग्रजी तुटक आहे, त्यात 'ए', 'द' गळलेले. हॅमरस्टाइन यांनी ते विचार करून केलं होतं. थाई भाषेत ही उपपदं नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे इंग्रजी बोलताना ती गळणं आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. ॲनाशी बोलताना हे पटतं. पण राजा आपल्या प्रधानाशी, राण्यांशी बोलतो तेव्हा तो थाई बोलतोय असं आपण धरायचं असतं. मग तिथेही भाषा तुटकीच का? तुमच्या सभासदांना एवढंच मोजायला सांगा: सयामी माणसं आपापसांत बोलतात ते प्रसंग किती, आणि त्यांत किती वेळा ती स्वतःच्याच भाषेत अडखळतात.

संगीताकडे येऊ. रॉजर्स यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की अस्सल सयामी संगीत करायचा आपला इरादाच नव्हता. एखाद्या अमेरिकन चित्रकाराने बँकॉक रंगवावं तसं ते होतं. तसं का, हे पेटीवर दोन मिनिटांत दाखवता येतं. शुद्ध स्वरांत रे ते ग हे अंतर पूर्ण आहे आणि ग ते म अर्धं. थाई अभिजात संगीतात सप्तकाचे साधारण सात सारखे भाग असतात, अर्धं अंतर असं काही नाहीच. म्हणजे ती सुरावट पेटीवर किंवा पियानोवर नीट बसत नाही. त्यांच्या पिफाट वाद्यमेळात रनात एक नावाचं एकवीस पट्ट्यांचं लाकडी वाद्य, वर्तुळात मांडलेल्या सोळा घंटांचा खोंग वोंग, सनईच्या कुळातलं पी आणि ताल धरणारी छोटी चिंग झांज असते, आणि एकच चाल सगळे आपापल्या परीने खुलवत एकाच वेळी वाजवतात. सुरांचे पाश्चात्त्य थर त्यात नसतात. मग राजाची मुलं एकेक करून आत येतात ते प्रसिद्ध कूच ऐका. मधला स्वर काढून पोकळ केलेले पंचम, मध्येच टोचणारे आघात, बाकी सगळा ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा ऑर्केस्ट्रा. "पूर्वेकडचं" वाटावं म्हणून हीच युक्ती चीन, जपान, सयाम, जावा सगळ्यांना सरसकट लावली जायची. चाल सुरेख आहे यात वाद नाही. तिला सयामी म्हणू नका, इतकंच.

जेरोम रॉबिन्स यांनी बसवलेला 'अंकल थॉमस'चा नाट्यनाच मात्र मी या चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक भाग मानतो, जरी त्यातही मिसळ भरपूर आहे. कथेत तो टुपटिम ही बर्माहून भेट म्हणून आलेली मुलगी बसवते: अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची कादंबरी सयामी दरबाराच्या नजरेतून. त्यातल्या एलायझा या पळून जाणाऱ्या गुलाम स्त्रीची भूमिका करणारी युरिको जपानी वंशाची अमेरिकन, मार्था ग्रॅहॅम यांच्या संस्थेतली. मागे वळलेली बोटं, वाकलेले गुडघे, मागे उचललेला तळवा, मुखवटे हे सगळं त्या भागातल्या नृत्यांवरून घेतलेलं. पण हा सयाम कुणीतरी रचतंय, हे हा नाच लपवत नाही. तो रंगमंच म्हणूनच उभा राहतो. आणि गुलामगिरीबद्दल राजाला भर दरबारात सुनावणारी ॲना नसून टुपटिम आहे.

त्याच टुपटिमचं काय झालं बघा. नाटकात तिला राजापुढे नजर केल्यावर एकटीने गायचं एक गाणं आहे, आपल्या मालकाबद्दलचा तिटकारा सांगणारं. चित्रपटात ते कापलं. तिचं आणि प्रियकराचं दुसरं युगुलगीतही गेलं. ॲनाचंही एक रागाचं स्वगत गेलं, पण तिच्याकडे बाकी गाणी पुष्कळ उरली. संगीतपटात पात्राचं मन गाण्यातून कळतं, त्यामुळे गाणं कापणं म्हणजे मन कापणं. कुठल्याही संगीतपटात मी हा हिशेब आधी मांडतो: परदेशी पात्राला एकट्याने, प्रेक्षकांकडे बघत गायला किती मिळालं?

'किस्मेट'ला वेगळी रीत वापरा. यात खरं असल्याचा दावाच नाही, अरबी सुरस कथांमधलं बगदाद आहे. तिथे मजा मिसळीची आहे, आणि ती सोडवून दाखवायची असते. चाली अलेक्झांडर बोरोदिन यांच्या. हे पीटर्सबर्गचे रसायनशास्त्रज्ञ, १८८७ मध्ये वारलेले. सर्वांत गाजलेली चाल त्यांच्या 'प्रिन्स ईगोर' या ऑपेरातल्या पोलोव्त्सी मुलींच्या नाचाची. पोलोव्त्सी म्हणजे बाराव्या शतकातले गवताळ प्रदेशातले तुर्की वंशाचे भटके. म्हणजे एका रशियनाने कल्पनेने रंगवलेली पूर्व ब्रॉडवेने उचलली आणि दूरवरच्या बगदादला चिकटवली. दुसरं एक गाणं तर सरळ त्यांच्या डी मेजरमधल्या तंतुवाद्य चौकडीतलं आहे, ज्यात पूर्वेचा संबंधच नाही.

आणि नाच आपला! नृत्यदिग्दर्शक जॅक कोल यांनी भरतनाट्यमचे धडे घेतले होते, ला मेरी या अमेरिकन नर्तकीकडे, आणि तीसच्या दशकाच्या शेवटापासून न्यूयॉर्कच्या क्लबांत ते भारतीय हालचाली स्विंग संगीतावर नाचवत होते. 'किस्मेट'मधल्या अबाबूच्या तीन राजकन्यांचा नाच आधी आवाज बंद करून तीन मिनिटं दाखवा. सभासदांत कुणी भरतनाट्यम शिकलेलं असेल तर त्यांना पुढे बसवा. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं म्हणजे अरमंडी, मान खांद्यांना समांतर आडवी सरकवणं, डोळ्यांच्या कडा, बोटांचे हस्त हे लगेच ओळखू येतं. मग आवाज लावा. वर पितळी वाद्यांचा जॅझ. आता नसलेल्या गोष्टी शोधायला सांगा. तट्टु अडवूत, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ पदन्यासात, सपाट पाऊल तालाच्या मात्रेवर जमिनीवर पडतं आणि घुंगरू ती मात्रा उच्चारतात. कोल यांच्या शैलीत पाऊल बहुधा घसरतं, कारण जॅझचा जोर मात्रांच्या मधल्या जागेत असतो. हस्त आहेत, पण ते काही सांगत नाहीत; अभिनयाचा धागा तुटून आकार तेवढा उरला.

इथे कुणीतरी म्हणेल, बगदादमध्ये भरतनाट्यम कसं? ती तक्रार अर्धी फसते, कारण अबाबू हा काल्पनिक देश आहे आणि त्या राजकन्या बगदादला परक्याच आहेत. शिवाय "अस्सल भरतनाट्यम" म्हणताना एक लक्षात घ्या: कोल शिकत होते त्या तीसच्या दशकात ते नावच नुकतं रूढ होत होतं, आणि देवदासींचा नाच सभागृहात आणताना त्याची पुनर्रचना आपल्याकडेही चालूच होती. माझी तक्रार वेगळी आहे: हे कुठून घेतलं याचा मागमूस प्रेक्षकाला लागत नाही. पुढे जॅझ नाचाचा पाया म्हणून कोल यांचं नाव घेतलं जातं, आणि अरमंडी त्या पायात मुरून गेली.

'साउंड ऑफ म्युझिक' झटपट उरकता येईल. साखळी अशी: खऱ्या नायिकेचं, म्हणजे मारिया यांचं आत्मकथन १९४९, जर्मन चित्रपट १९५६, संगीत नाटक १९५९, हा चित्रपट १९६५. साल्झबुर्गला प्रत्यक्ष चित्रीकरण केल्यामुळे हा तिन्हींत सर्वांत अस्सल असं सगळे धरून चालतात. म्हणूनच तो शेवटी ठेवा. शेवटच्या दृश्यात कुटुंब डोंगर चढून स्वित्झर्लंडला जातं. नकाशा काढा. साल्झबुर्गच्या त्या डोंगरापलीकडे जर्मनी आहे, तोही बेर्श्टेसगाडेनचा भाग, जिथे हिटलरचा बंगला होता. स्वित्झर्लंड तिथून पश्चिमेला शेकडो किलोमीटरवर. खरं कुटुंब १९३८ मध्ये आगगाडीत बसून इटलीला गेलं. कॅप्टनचा, म्हणजे मारियाच्या नवऱ्याचा जन्म झादारचा, ते गाव पुढे इटलीकडे गेल्यामुळे त्याला इटालियन नागरिकत्व होतं. मग डोंगर का? कारण चित्रपट डोंगरावर सुरू होतो आणि वर्तुळ पुरं करायचं होतं. दोघांचं लग्न १९२७ चं होतं, तेही अकरा वर्षं पुढे ओढलं, म्हणजे प्रेमकथा आणि नाझी एकाच उन्हाळ्यात येतात.

लोकांना सर्वांत मोठा धक्का बसतो तो 'एडेलवाइस' गाण्याने. ते ऑस्ट्रियाचं लोकगीत नाही. हॅमरस्टाइन यांनी १९५९ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी लिहिलेलं शेवटचं गीत आहे. अंगणातला लेंडलर नाच खरा लोकनृत्य प्रकार, तीन मात्रांचा, हातात हात गुंफून खालून फिरण्याचा. पण गावरान लेंडलरमधलं पाय आपटणं गेलं, हातमोजे आले. आणि चाल लोकसंगीतातली नाही, याच चित्रपटातल्या मेंढपाळाच्या गाण्याची संथ केलेली आहे. आवडत्या गोष्टींच्या गाण्यात श्निट्झेल नूडल्सबरोबर येतं. तिकडे ते बटाट्याच्या सॅलडबरोबर खातात. हे सांगा, हसू द्या आणि पुढे जा. यावर जास्त वेळ घालवलात तर चर्चा पुन्हा चुका पकडण्याच्या खेळात अडकते.

ऑस्ट्रियाच्या चुका गोड वाटतात आणि सयामच्या खुपतात, असं का, हे कुणी ना कुणी विचारेलच. माझं उत्तर: ऑस्ट्रियन माणूस त्यात मूर्ख ठरत नाही. दुसरं कारण, तक्रार कोण करू शकत होतं. चित्रपटांत काय दाखवावं याच्या हॉलिवूडच्या आचारसंहितेत १९३० पासून लिहिलेलं होतं की इतर राष्ट्रांचा इतिहास आणि माणसं न्याय्यपणे दाखवावीत. पण ते कलम हललं ते बाजारपेठ दुखली तेव्हा. १९४० मध्ये 'डाउन अर्जेंटाइन वे' आला. अर्जेंटिनाची गोष्ट, पण टँगोऐवजी क्युबाचा रुंबा, आणि वर ब्राझीलची कारमेन मिरांडा पोर्तुगीजमध्ये गाते. तिचं ते फेटेदार रूप मुळात बाहिया प्रांतातल्या कृष्णवर्णीय विक्रेत्या बायकांचं. अर्जेंटिनात संताप झाला. युरोपची बाजारपेठ युद्धामुळे बंद, त्यामुळे दक्षिण अमेरिका गमावणं परवडणारं नव्हतं, आणि लवकरच संहितेच्या कचेरीत लॅटिन अमेरिकेसाठी खास जाणकार नेमला गेला. सयामकडे तेवढी तिकीटखिडकी नव्हती.

पात्रनिवडीबद्दल: राजा झालेला युल ब्रिनर व्लादिव्होस्टॉकचा, टुपटिम झालेली रिटा मोरेनो पोर्तो रिकोची, मुख्य भूमिकांत एकही थाई नाही. हे चित्रपट सुरू होण्याआधी एका वाक्यात सांगून टाका, मग ते चर्चेत स्फोटासारखं येत नाही. म्हणून चित्रपट दाखवूच नये असं मला वाटत नाही. उसना आवाज हा मात्र वेगळा मुद्दा आहे. ॲना झालेल्या डेबोरा कर यांची गाणी मार्नी निक्सन यांनी गायली. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही, तर तिकडे निक्सन यांचं नाव श्रेयनामावलीत नव्हतं.

प्रत्यक्ष आखणी अशी करा. चित्रपटाआधी बोलणं दहा मिनिटांच्या वर नको. प्रत्येकाला अर्ध्या पानाचा कागद द्या: वर साखळी सालांसकट, खाली चार रकाने, कपडे-नेपथ्य, गाणं-नाच, भाषा, आणि "याला आधीपासून काय माहीत होतं". चौथा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो. चर्चा तिथूनच सुरू करा. नंतर जास्तीत जास्त तीन तुकडे पुन्हा दाखवा, प्रत्येकी तीन-चार मिनिटांचे, एक तरी आवाज बंद करून. क्रम 'किस्मेट', मग 'किंग अँड आय', मग 'साउंड ऑफ म्युझिक' असा बदललात तर बरं. आधी उघड मिसळ, मग गंभीर दावा, आणि शेवटी ज्यावर कुणाला संशय नाही तो. 'किंग अँड आय'च्या कागदावर ॲनाचं जन्मगाव मात्र छापू नका. ते चित्रपट संपून दिवे लागल्यावर सांगा, नाहीतर सव्वादोन तास सगळे तिच्या तोंडून नगरी हेल ऐकू येतोय का तेवढंच बघत बसतील.